कार्पल टनेल: एका रुग्णाचे दोन हात आणि दोन वेगळ्या शस्त्रक्रिया

तासगाव तालुक्यातली ४७ वर्षांची शेतकरी बाई. वजन ५६ किलो, कामाचा हात उजवा. घरची दीड एकर द्राक्षबाग, शिवाय टोळीबरोबर दुसऱ्यांच्या बागेत छाटणी, फेलफूट आणि विरळणी. गोठ्यात तीन म्हशी. दोन्ही वेळची धार हातानेच, आणि तीही अंगठा दुमडून. मनगट वाकवून बोटे आवळायचे काम बारा महिने चालते, फळछाटणीत त्यावर कात्रीचा भार येतो. मनगटाची हाडे आणि त्यांवरचा आडवा जाड पट्टा (लिगामेंट) यांच्यामधल्या बोगद्यातून मीडियन नस तळव्यात जाते. ती तिथे दबणे म्हणजे कार्पल टनेलचा आजार, आणि तो पट्टा कापून नस मोकळी करणे (रिलीज) ही त्यावरची शस्त्रक्रिया.

जूनच्या मध्याला ती मिरजेत दाखवायला आली. डाव्या हाताला चार महिन्यांपासून रात्री मुंग्या येत होत्या. दोन-अडीचला जाग यायची, हात झटकला की बरे वाटायचे. उजव्या हाताची गोष्ट वेगळी होती. त्यावर नऊ महिन्यांपूर्वी दुसरीकडे शस्त्रक्रिया झाली होती: मनगटाच्या घडीवर दीड सेंटिमीटरचा आडवा छेद घेऊन आतून कात्रीने लिगामेंट कापलेले. कागदावर ‘रिलीज पूर्ण’ एवढीच नोंद.

अशा रुग्णाला सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायचा असतो. “मावशी, त्या ऑपरेशननंतर एक तरी रात्र नीट झोप लागली का?”

“एक रात बी न्हाई, डॉक्टर. उलट आता बटण लावाय येत न्हाई.”

या उत्तराने अर्धे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर काही महिने आराम पडून त्रास परत आला असेल, तर नसेभोवती व्रण धरला असण्याचा किंवा सूज वाढवणारा दुसरा आजार असण्याचा संशय आधी येतो. शस्त्रक्रियेनंतर कधी नव्हते ते नवे दुखणे सुरू झाले असेल, तर नसेला किंवा तिच्या फांदीला इजा झाली का ते पाहावे लागते. आराम कधी पडलाच नाही, तर एक तर निदान चुकलेले असते किंवा लिगामेंट पुरते कापलेले नसते. या तिन्ही गोष्टींचे उपचार वेगळे आहेत, आणि ही फोड सोनोग्राफीच्या आधी दोन मिनिटांच्या बोलण्यातून होते.

तपासणी

उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर. करंगळी शाबूत. अनामिकेची एक बाजू बधिर आणि दुसरी जागी असणे ही मीडियन नर्व्हची खूण. मानेतली नस दबली असेल तर बोट असे मधोमध विभागले जात नाही. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसलेला होता आणि अंगठा तळव्यापासून वर उचलायची ताकद ५ पैकी ३ होती. त्या उंचवट्यावरच्या कातडीची जाणीव मात्र चांगली होती. तिथे जाणारी फांदी मनगटाच्या सुमारे ५ सेंटिमीटर वर मूळ नसेपासून सुटते आणि बोगद्यात न शिरता लिगामेंटच्या वरून जाते, म्हणून बोगद्यात नस दबली तरी ती वाचते. मनगटावरच्या आडव्या छेदात ती कापली जाऊ शकते. इथे ती वाचली होती.

मनगटावर अंगठ्याने थेट दाब देऊन धरला (ड्युरकन चाचणी, ३० सेकंद) तेव्हा उजव्यात दहाव्या सेकंदाला आणि डाव्यात विसाव्याला मुंग्या आल्या. मान फिरवून आणि दाबून काही निघाले नाही. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) व्यवस्थित, एचबीए१सी (सरासरी साखर) ६.१. सांधेवाताच्या खुणा नव्हत्या. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहायचीच असते: मनगटाच्या वर आणि तळव्यात अशी दोन्हीकडे सूज असून एकीकडे दाबल्यावर दुसरीकडे फुगते का. कंडराभोवतीचा क्षय असाच दिसतो, आणि उघडल्यावर भाताच्या शितांसारखे पांढरे दाणे निघतात. तो असेल तर नुसते लिगामेंट कापून भागत नाही. आवरण काढून तपासणीला पाठवावे लागते. इथे तसे नव्हते.

नर्व्ह कंडक्शनचा (नसेतून विजेचा संदेश कसा जातो त्या तपासणीचा) जुना अहवाल बाईंनी पिशवीत जपून ठेवला होता, आणि निर्णय त्यावरच ठरला. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही हे आकडे कित्येक महिने, कधी कायमचे, बिघडलेले राहतात. त्यामुळे नुसता आजचा वाईट आकडा पाहून ‘लिगामेंट राहिले’ असे म्हणता येत नाही, आधीच्याशी ताडावे लागते. उजव्या हाताची मोटर लेटन्सी (संदेश स्नायूपर्यंत पोचायला लागणारा वेळ) पहिल्या शस्त्रक्रियेआधी ५.८ मिलिसेकंद होती, आता ७.४. स्नायूचा प्रतिसाद ४.२ मिलिव्होल्टवरून १.८ वर आलेला. संवेदनेचा प्रतिसाद आधी लहान का होईना मिळत होता, आता मिळतच नव्हता. नऊ महिन्यांत नस सुधारली नाही, एवढेच नाही, ती खालावली होती. डाव्या हाताची मोटर लेटन्सी ५.१, स्नायूचा प्रतिसाद चांगला, आजार मध्यम. (ही तपासणी गार हातावर केली तर लेटन्सी खोटी वाढते. पावसाळ्यात भिजून आलेल्या रुग्णाचा हात आधी ३२ अंशांपर्यंत गरम करून घ्यावा.)

सोनोग्राफीत उजव्या नसेचे क्षेत्रफळ मनगटाच्या घडीजवळ १९ चौरस मिलिमीटर भरले. १० च्या वर गेले की संशय घ्यायचा असतो. त्याच्या पुढे, तळव्याकडे, लिगामेंटचा सुमारे एक सेंटिमीटरचा पट्टा अखंड दिसत होता आणि त्याखाली नस चपटी झालेली होती. डावीकडे १४.

पहिली शस्त्रक्रिया का फसली

लिगामेंट मनगटाच्या घडीपासून तळव्यात तीन-चार सेंटिमीटर जाते. त्याची सगळ्यात जाड आणि बोगद्याची सगळ्यात अरुंद जागा मनगटावर नसून पुढे, हॅमेट हाडाच्या आकड्यापाशी असते. मनगटावर छोटा आडवा छेद घेतला की हाताचे आवरण आणि लिगामेंटचा वरचा भाग डोळ्यांना दिसतो आणि सहज कापला जातो. पुढचा भाग अंदाजाने, कात्रीची टोके सरकवत कापावा लागतो. आणि पुढे सरकायला हात कचरतो, कारण लिगामेंट संपते तिथून थोड्याच अंतरावर तळव्यातली धमनीची कमान असते. या भीतीपोटी कात्री आधीच थांबते. जिथे नस सगळ्यात जास्त आवळलेली असते, नेमका तोच भाग राहून जातो.

यात दोष छेदाच्या लांबीचा नाही. दीड-दोन सेंटिमीटरचाच छेद तळव्यात घेतला असता तर ती अरुंद जागा थेट नजरेखाली आली असती. एंडोस्कोपीत छेद मनगटावरच असतो, पण तिथे लिगामेंट आतून कॅमेऱ्याने दिसते. मनगटावरचा छेद आणि न पाहता कापणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की हे घडते.

उजवा हात: मोठा छेद

उजव्या हाताबाबत फारसा वाद नव्हता. आधी शस्त्रक्रिया झालेल्या हातात एंडोस्कोप घालू नये. व्रणामुळे नस आपल्या जागेवर नसते, लिगामेंटच्या खालच्या बाजूला चिकटलेली असू शकते, आणि पाते वर करताना तीच पात्यावर येते. छोटा छेदही इथे उपयोगाचा नाही, कारण नस आधी चांगल्या भागात शोधून मग व्रणात शिरायचे असते.

ॲक्झिलरी ब्लॉक (काखेत सुई देऊन पूर्ण हात बधिर करणे), दंडावर टूर्निके (रक्त अडवणारा दाबपट्टा) पाऱ्याच्या २५० मिलिमीटर दाबाला, २.५ पट भिंग. छेद तळव्यात अनामिकेच्या रेषेत सुरू करून मनगटाची घडी करंगळीच्या बाजूने तिरकी ओलांडत हातावर ३ सेंटिमीटर वर नेला. घडी काटकोनात ओलांडली तर व्रण ताणून आखडतो, आणि अंगठ्याच्या बाजूने ओलांडली तर वर सांगितलेली कातडीची फांदी जाते. हातावर निरोगी भागात नस सापडली. तिथून खाली सोडवत आणले, मग तळव्यातून वर. जुन्या कापाच्या ठिकाणी नस लिगामेंटच्या अंगठ्याकडच्या पाळीला चिकटली होती. पुढे, सोनोग्राफीने सांगितले होते तिथेच, एक सेंटिमीटरचा अखंड पट्टा. तो कापल्यावर त्याखाली नसेवर दोरी बांधल्यासारखा खळगा दिसला. त्याच्या वर नस फुगलेली, खाली बारीक. अंगठ्याच्या स्नायूंकडे जाणारी फांदी लिगामेंटच्या खालूनच सुटत होती. ती शेवटपर्यंत पाहिली, शाबूत होती.

नसेचे बाहेरचे चिकटे सोडवले, पण आतल्या तंतूंमध्ये शिरलो नाही. तंतू वेगळे करत बसल्याने फायदा होत नाही, उलट आतच नवा व्रण धरतो. नस पुन्हा चिकटू नये म्हणून करंगळीच्या बाजूच्या गादीतली चरबी झडपेसारखी उचलून नसेवर आणली आणि बोगद्याच्या अंगठ्याकडच्या भिंतीला विरघळणाऱ्या ४-० दोऱ्याचे तीन टाके घातले, ताण न देता. ही झडप उचलताना अल्नर (करंगळीकडची) नस आणि धमनी डोळ्यांसमोर येईपर्यंत जपून जावे लागते. त्यांच्या भीतीने झडप अर्धवट उचलली तर ती नसेपर्यंत पोचत नाही आणि खेचून शिवावी लागते. कातडी शिवण्याआधी टूर्निके सोडून रक्तस्राव बायपोलरने (विजेच्या चिमट्याने) थांबवला. या शस्त्रक्रियेनंतर आत साचलेले रक्त म्हणजे पुढचा व्रणच.

डावा हात: तीन पर्याय

डाव्या हाताला तोवर रात्री मनगट सरळ धरणारा पट्टा दिला. स्टिरॉइडची सुई टाळली. २०१३ च्या स्वीडनमधल्या चाचणीत ८० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकीही वर्षभरात चारांतल्या जवळजवळ तिघांना शेवटी शस्त्रक्रिया लागली होती. आणि सुईनंतर थोड्याच आठवड्यांत छेद घेतला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया ठरलीच असेल तर मध्ये सुई कशाला?

ऑगस्टच्या मध्यापर्यंत उजवा हात घरकामाला लागला होता आणि डाव्याची झोपमोड चालूच होती. आता पर्याय तीन.

नेहमीची उघडी शस्त्रक्रिया, तळव्यात ३-४ सेंटिमीटरचा छेद. ही १९३३ पासून लिहून ठेवलेली, सर्वांत जास्त नजरेखालची पद्धत. तक्रार एकच, पण या रुग्णासाठी मोठी: तळव्याच्या बुडाशी व्रण हुळहुळा राहतो, आणि छाटणीच्या कात्रीची मूठ बरोबर तिथेच टेकते.

एंडोस्कोपी. चाऊ यांची दोन छेदांची पद्धत १९८९ ची, एगी यांची एका छेदाची १९९२ ची. एका छेदाच्या पद्धतीत मनगटाच्या घडीवर सव्वा सेंटिमीटर छेद, आवरणाची छोटी झडप, मग बोथट उचकणीने लिगामेंटची खालची बाजू खरडून साफ करायची. हाताला धुण्याच्या पाटावरून बोट फिरवल्यासारखी खरखर लागली पाहिजे. ती लागली नाही तर उचकणी चुकीच्या थरात आहे. उपकरण अनामिकेच्या रोखाने, हॅमेटच्या आकड्याला घासून आत. पडद्यावर आडवे पांढरे तंतू स्वच्छ दिसले तरच पाते वर करायचे. धूसर दिसले, मध्ये काही आले, मनगट पुरेसे मागे वळत नसेल, तर उपकरण बाहेर काढून तळवा उघडायचा. ही तयारी आणि संमती आधीच घेतलेली हवी. उपकरण करंगळीकडे घसरले तर अल्नर नसेच्या खोबणीत जाते, अंगठ्याकडे घसरले तर मीडियनवर.

फायदा किती? २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात) एंडोस्कोपीचे रुग्ण सरासरी आठ दिवस आधी कामावर गेले, व्रणाच्या तक्रारी कमी होत्या, पण नसेचा तात्पुरता बधिरपणा जास्त आढळला. पुढे लक्षणांत दोन्ही पद्धती बरोबरीला येतात. आठ दिवस रोजंदारीच्या माणसाला थोडे नाहीत. पण ते कोणते आठ दिवस, हेही पाहावे लागते. फळछाटणीची टोळी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघणार होती, म्हणजे हातात आठ आठवडे होते. चौथ्या ऐवजी तिसऱ्या आठवड्यात हात मोकळा होऊन बाईंना मजुरी मिळणार नव्हती, कारण तेव्हा बागेत तिचे काम नव्हते. त्यासाठी टूर्निके, ब्लॉक आणि एकदाच वापरायच्या पात्याचा खर्च करण्यात अर्थ दिसला नाही. हीच बाई सप्टेंबरच्या शेवटी, दोन्ही हात न उघडलेले घेऊन आली असती, तर आमचे मत एंडोस्कोपीकडे झुकले असते, अर्थात ती नियमित करणारा सर्जन असेल तरच. वर्षात चार-दोन करणाऱ्याने ही पद्धत हाती घेऊ नये.

तिसरा पर्याय तळव्यातला छोटा छेद, १.५ ते २ सेंटिमीटर, मनगटाची घडी न ओलांडता. धोक्याची पुढची कड थेट नजरेखाली, छेद लहान, आणि नुसत्या लोकल भुलीत होणारा. हाच निवडला.

भूल आणि शस्त्रक्रिया

टूर्निके आणि गुंगी दोन्ही टाळून, ॲड्रिनलिनयुक्त लोकलमध्ये. मिश्रण: साधे २ टक्के लिग्नोकेन १० मिलिलिटर, सलाइन १० मिलिलिटर, त्यात १:१००० ॲड्रिनलिन ०.२ मिलिलिटर. झाले १ टक्का लिग्नोकेन, १:१,००,००० ॲड्रिनलिनसह. टोचताना आग होऊ नये म्हणून दर १० मिलिलिटरला १ मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेट. लिग्नोकेन २०० मिलिग्रॅम होते. ५६ किलोला किलोमागे ७ या हिशेबाने मर्यादा ३९२.

चूक होते ती ॲड्रिनलिन मोजताना. पुष्कळ ठिकाणी इन्सुलिनची सिरिंज घेतात. ०.२ मिलिलिटर म्हणजे ४० युनिटच्या सिरिंजवर ८ खुणा आणि १०० युनिटच्या सिरिंजवर २०. सिरिंज बदलली आणि खूण तीच धरली तर अडीच पट फरक पडतो. १ मिलिलिटरची ट्यूबरक्युलिन सिरिंज घ्यावी, प्रश्नच मिटतो. बोटे बराच वेळ पांढरी राहिली तर उतारा म्हणून फेंटोलामिन हाताशी असावे.

२७ नंबरच्या सुईने पहिले १० मिलिलिटर मनगटाच्या घडीच्या ५ मिलिमीटर वर आणि मीडियन नसेच्या ५ मिलिमीटर करंगळीकडे, हळूहळू. उरलेले तळव्यात छेदाच्या रेषेखाली. मग घड्याळाकडे पाहून २५ मिनिटे थांबणे. सात मिनिटांत बधिर होते, पण रक्त थांबत नाही, आणि घाई केली की ‘या पद्धतीत काही दिसत नाही’ अशी तक्रार होते. सुई वॉर्डमध्येच द्यावी म्हणजे टेबल अडत नाही.

छेद अनामिकेच्या अंगठ्याकडच्या कडेच्या रेषेत. चरबी, मग तळव्याच्या आवरणाचे उभे तंतू, त्याखाली लिगामेंटचे आडवे तंतू. १५ नंबरच्या पात्याने करंगळीच्या बाजूने, हॅमेटच्या आकड्यापासून काही मिलिमीटर आत कापले, म्हणजे अंगठ्याची फांदी लांब राहते. पुढे पिवळी चरबी उघडी पडेपर्यंत. ती दिसली की लिगामेंट संपले आणि कमान जवळ आली. वरच्या बाजूला कातडी हूकने उचलून, खालून बोथट कात्रीने वाट करून, घडीच्या वर २ सेंटिमीटर आवरण नजरेखाली सोडवले. शेवटी बाईंना मूठ उघडझाप करायला सांगितले. कंडरा सरकताना कुठे पट्टा अडतोय का ते जागा रुग्णच दाखवू शकतो. कातडीला ४-० नायलॉनचे चार टाके.

नंतरचे

प्लॅस्टर किंवा मनगट धरणारा पट्टा नाही. त्याने बोटे आखडतात. जाड ड्रेसिंग दोन दिवस, हात छातीच्या वर, बोटांची हालचाल पहिल्या तासापासून.

गोठा दोन आठवडे बंद. हे दोनदा सांगावे लागते, कारण धार काढू नका म्हटले की बायका शेण काढतात. हातावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून काम करणे हा त्यावरचा घरगुती तोडगा. आत घाम साचतो, कातडी पांढरी होऊन टाके सुटतात. ड्रेसिंग भिजले तर त्याच दिवशी बदलायचे. धनुर्वाताचे इंजेक्शन आधीच दिलेले असावे. धार सुनेकडे सोपवली.

डाव्याचे टाके बाराव्या दिवशी काढले. तिसऱ्या आठवड्यात हलकी धार, एका म्हशीपासून. तळव्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दाबल्यावर दुखणे दहा आठवडे राहिले. याला रुग्ण ऑपरेशन बिघडले असे समजतात. ते तीन ते सहा महिन्यांत जाते आणि कोणत्याही पद्धतीनंतर होऊ शकते. ऑक्टोबरमध्ये बाई छाटणीला गेल्या. कात्रीच्या मुठीला सायकलची रबरी ग्रिप चढवली आणि पहिले दोन आठवडे अर्धा दिवस काम.

उजव्या हाताच्या रात्रीच्या मुंग्या दोन आठवड्यांत थांबल्या. तर्जनीच्या टोकाला दोन टोके वेगळी कळायचे अंतर १० मिलिमीटरवरून तीन महिन्यांनी ७ आणि सहा महिन्यांनी ६ झाले. बटण लागते. अंगठ्याचा उंचवटा मात्र तसाच बसलेला आहे, ताकद ३ वरून ४ झाली. स्नायू भरायला वर्षही लागते आणि कधी तो भरतच नाही. वर्षाअखेर अंगठा बोटांसमोर पुरेसा येत नसेल, तर पामारिस लाँगस या मनगटावरच्या स्नायूची कंडरा अंगठ्याकडे फिरवून देता येते. त्या पहिल्या आडव्या छेदात ती कापली गेली नव्हती, उजव्या शस्त्रक्रियेच्या वेळी तेही पाहून नोंदवून ठेवले आहे.